भटक्या-विमुक्त व आदिवासी समाजांचा शालेय अभ्यास आणि त्याचे मूल्यमापन : सातारा-सांगलीपुरता आढावा

प्रश्नाची व्याप्ती

शाळेत शिकवलेल्या गोष्टींपैकी विद्यार्थ्याच्या पदरात किती पडले हे ठरवण्याची रीत गणितासारख्या विषयात फारशी वादग्रस्त नसते. परंतु शिकण्याचा विषय म्हणून जेव्हा एखादा जिवंत समाज पुढे येतो, आणि त्या समाजाची मुले त्याच वर्गात बसलेली असतात, किंवा बसावयास हवी असूनही आईबापांच्या पोटापाण्यापायी भलत्याच मुलखात गेलेली असतात, तेव्हा मूल्यमापन हे नुसते गुणदानाचे तंत्र राहत नाही. आदिवासी आणि भटक्या-विमुक्त समाजांविषयी मुले जे शिकतात त्याची पारख कशी व्हावी, मुळात व्हावी की नाही, आणि ती कोणी करावी, या प्रश्नावर शिक्षक, लेखक व कार्यकर्ते यांच्यात जी भिन्न मते आढळतात त्यांचा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता आढावा घेणे एवढाच येथे हेतू आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. औंध, फलटण, जत, सांगली आदी संस्थाने विलीन झाल्यानंतर १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा काढण्यात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु कृष्णाकाठची बागायत, पूर्वेकडील माणदेशाचा अवर्षणग्रस्त पट्टा आणि पश्चिमेचा सह्याद्री ही भूरचना दोहोंना समान असल्याने त्यांतून हिंडणाऱ्या समाजांच्या वाटाही समानच राहिल्या. अनुसूचित जमातींची वस्ती येथे थोडी. जावळी-महाबळेश्वरच्या बाजूस कातकऱ्यांची घरे आहेत, आणि कातकरी हे केंद्र सरकारने विशेष दुर्बल गणलेल्या महाराष्ट्रातील तीन जमातींपैकी एक आहेत. पाटण, जावळी व शिराळा यांच्या डोंगरमाथ्यांवर गवळी धनगर, माण-खटाव, आटपाडी, जत व कवठे महांकाळ येथे मेंढपाळ धनगर, आणि गावोगाव रामोशी, बेरड, कैकाडी, वडार, पारधी, गोपाळ, नंदीवाले, वैदू अशी विखुरलेली वस्ती आढळते. शिवाय गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीस येणाऱ्या टोळ्यांबरोबर बंजारा व वंजारी कुटुंबांची मुले साखर कारखान्यांच्या परिसरात चार-पाच महिने राहतात.

या सर्वांना 'आदिवासी' या एकाच सदराखाली घालता येत नाही, आणि मूल्यमापनाची पहिली अडचण नेमकी येथून सुरू होते. राज्याच्या यादीत १४ विमुक्त जाती व २८ भटक्या जमाती मूळच्या नोंदलेल्या आहेत. पाल पारधी व राज पारधी हे विमुक्तांत मोडतात, तर फासेपारधी अनुसूचित जमातींत. धनगर भटक्या जमातींत आहेत आणि अनुसूचित जमातीत समावेश व्हावा ही त्यांची मागणी दीर्घकाळ चालू आहे. 'पारधी कोणत्या प्रवर्गात येतात' अशा प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर अपेक्षिणारी प्रश्नपत्रिका म्हणूनच चुकीचे ज्ञान तपासते, असे म्हणणे भाग पडते.

पार्श्वभूमी

या समाजांची पारख शाळेच्या फार पूर्वी सरकारने करून ठेवली होती. गडकोटांची व गावांची राखण करणारे रामोशी पेशवाईच्या अस्तानंतर वतनांना व कामाला मुकले, आणि त्या असंतोषातून उभ्या राहिलेल्या उमाजी नाईकांना इंग्रज सरकारने १८३२ मध्ये पुण्यास फाशी दिले. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल देशभर विस्तारला, आणि जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी देण्यास, परवान्यावाचून गाव न सोडण्यास आणि प्रसंगी तारेच्या कुंपणातील वसाहतीत राहण्यास भाग पाडण्याचा शिरस्ता पडला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तथापि १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसंबंधीचा कायदा केला आणि संशयाची जुनी दृष्टी पुष्कळ अंशी टिकून राहिली, असे पुढील काळातील समित्या व आयोगांपुढे या समाजांनी वारंवार मांडले आहे.

साताऱ्याच्या शैक्षणिक इतिहासाचे या प्रश्नाशी जवळचे नाते आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकर ज्या सरकारी शाळेत दाखल झाले ती, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत ठेवणारे वसतिगृह चालवले. परस्परांविषयीचे शिक्षण परस्परांसोबत राहूनच होते, ही त्यांची धारणा होती. आणि तेथे जे शिकले जात होते त्याची लेखी परीक्षा घेण्याची गरज कोणाला वाटली असेल असे दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात या समाजांविषयीचे ज्ञान शाळेपेक्षा साहित्यातून अधिक आले. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये, आणि वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. फलटण तालुक्यातून आलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या १९८० च्या आत्मकथनाने कैकाडी कुटुंबाचे गाढवांच्या पाठीवरचे बिऱ्हाड, आणि त्याबरोबर शाळेच्या उंबऱ्यावर उभे राहिलेले मूल, मराठी वाचकासमोर प्रथमच आतून उभे केले. सांगली जिल्ह्यातील दादासाहेब मोरे यांच्या 'गबाळ'ने हीच परंपरा पुढे नेली.

पाठ्यपुस्तकांत मात्र हा आशय तुटक आहे. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाल्यापासून पुस्तके एका छापाची झाली हे खरे, तरी इयत्ता तिसरीसाठी जिल्हावार पुस्तक काढण्याची पद्धत राहिली, आणि आपल्या जिल्ह्यातील लोक, वेष, सण, व्यवसाय यांची ओळख मुलाला तेथेच प्रथम होते. चौथीत शिवकालाच्या निमित्ताने आणि आठवीच्या इतिहासात ब्रिटिशविरोधी उठावांच्या निमित्ताने रामोशी, भिल्ल, कोळी यांचे उल्लेख येतात. परंतु उठावाच्या परिच्छेदानंतर हे लोक पुस्तकातून जवळजवळ नाहीसे होतात, आणि १८७१ ते १९५२ हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक काळ मुलांच्या हाती क्वचितच लागतो.

मूल्यमापनाच्या बाजूने मोठा पालट झाला तो शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने. त्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचा आदेश आहे; त्यास अनुसरून राज्य शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने आकारिक (वर्षभर चालणारे) व संकलित (सत्राअखेरचे) अशी दोन अंगे ठरवून दिली, पहिली-दुसरीस आकारिकाचा वाटा ७० टक्के तर सातवी-आठवीस ४० टक्के असे प्रमाण बांधले, आणि दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशी आठ साधने शिक्षकाच्या हाती दिली. पुढील सर्व मतभेद या चौकटीच्या आतले आहेत.

चार पक्ष

पहिला पक्ष लेखी परीक्षेचा कैवार घेणाऱ्यांचा आहे. जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हा त्यांचा अनुभवसिद्ध मुद्दा आहे, आणि सातारा-सांगलीत तर तो विशेष लागू पडतो. कारण येथे शिष्यवृत्ती परीक्षेची चुरस गावागावांत असते, आणि त्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका भाषा, गणित, तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी यांपुरत्याच असल्याने परिसर अभ्यासाचे तास जादा सरावास दिले जाण्याचा मोह शाळांना होतो. शिवाय हा पक्ष असेही म्हणतो की, सद्भावनेची परीक्षा घेण्याच्या नादात माहितीची उपेक्षा करू नये. १८७१ चा कायदा ज्या मुलास ठाऊकच नाही त्याला पारध्याच्या पालावर पोलीस का येतात हे कोणत्या आधारावर समजावे? लेखी उत्तर मुलाचे नाव झाकून तपासता येते आणि शिक्षकाच्या मनातील अनुकूल-प्रतिकूल ग्रहांस तेथे कमी वाव राहतो, हाही त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की, लेखी परीक्षा समाजाला गाळलेल्या जागेत बसवते. 'धनगर ____ पाळतात' ही जागा जो भरतो त्याला एक गुण मिळतो, परंतु तो काही शिकला असे म्हणता येत नाही, कारण ते त्याला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक होते. तथापि हा दोष लेखी परीक्षेचा की प्रश्नाचा, हे पाहण्यासाठी त्याच विषयावर दुसरा प्रश्न विचारून पाहावा : 'शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरे का बसवून घेतो?' एखादा मुलगा 'खत मिळते म्हणून' एवढे लिहील. ते बरोबर आहे, पण व्यवहाराची एकच बाजू त्यात आली. दुसरी मुलगी लिहील की, लेंडी व मूत यांनी रान सुपीक होते, त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात आणि कळपाला धसकटांचा व पाल्याचा चारा. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात रान करपते म्हणून कळप नदीकाठाकडे वळतात. आणि आता टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांचे पाणी येऊन बारमाही ऊस उभा राहू लागल्यामुळे रान मोकळे पडत नाही, सबब वाघर (मेंढरे कोंडण्याची जाळी) ठोकायला जागा उरत नाही. या उत्तरात परस्परावलंबन, त्याचे भौगोलिक कारण आणि काळाने घडवलेला बदल अशा तीन गोष्टी आहेत. प्रत्येकीस स्वतंत्र गुण देता येतात, आणि तसे देण्यास शिक्षकाला मेंढपाळीचा पंडित असावे लागत नाही. लेखी परीक्षेविषयीची निराशा बरीचशी अशा प्रश्नांच्या अभावातून आलेली आहे, असे मला वाटते.

दुसरा पक्ष नोंदींचा आहे. समाजाविषयीची दृष्टी गुणांत मोजता येत नाही, ती वर्षभराच्या वर्तनातून दिसते आणि शिक्षकाने ती वर्णनात्मक नोंदीत टिपावी, अशी या पक्षाची भूमिका असून २०१० च्या निर्णयाचा आत्माही तोच आहे. साताऱ्याला या बाबतीत काही अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली कुमठे बीटातील जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादाचा जो प्रयोग केला तो पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे गेले, आणि मूल स्वतः ज्ञान रचते हे तत्त्व त्यामुळे पुस्तकांतून वर्गाच्या फरशीवर उतरले. परंतु या प्रयोगाचा बोलबाला मुख्यतः भाषा व गणित यांतील प्रगतीमुळे झाला. सामाजिक आकलनाची रचना कशी ओळखावी हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

नोंदींच्या पद्धतीचा व्यावहारिक दोष सर्व शिक्षकांना ठाऊक आहे आणि तो त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वर्गातील प्रत्येक मुलामागे प्रत्येक विषयाची विशेष प्रगती, आवड-छंद व सुधारणा आवश्यक अशा रकान्यांत लिहायचे, आणि त्याच सुमारास शालेय पोषण आहारापासून सर्वेक्षणांपर्यंतचे दप्तर सांभाळायचे, म्हटल्यावर बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका खपू लागल्या. 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो', 'इतरांच्या मतांचा आदर करतो' ही वाक्ये मग पटावरील अर्ध्या मुलांपुढे अक्षरशः सारखी आढळतात. मधल्या सुट्टीत वडाराच्या मुलीशेजारी डबा उघडून बसलेला मुलगा आणि तिला ओळीत मागे ढकलणारा मुलगा या दोघांच्याही पत्रकात इतरांच्या मतांचा आदर तेवढाच भरलेला असतो. आणि ज्या कारणासाठी नोंदींची पद्धत आणली तेच कारण तेथे विफल होते.

तिसरा पक्ष म्हणतो की, ज्या समाजाविषयी मूल शिकले त्या समाजाची माणसे पारख करण्यात सहभागी हवीत. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात जमणाऱ्या धनगरांच्या ओव्या हे मौखिक इतिहासाचे भांडार आहे. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन पंडिताने बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्या उपासनेवर १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला तो अशा गायकांजवळ बसूनच. मग जत तालुक्यातील शाळेतील मुलांनी माडग्याळी मेंढी कशी ओळखावी, घोंगड्याची लोकर केव्हा कातरावी, हिवाळ्यात वाडा (मेंढपाळांचा तळ) कोणत्या दिशेने नेतात, हे गावच्या वृद्ध मेंढपाळाला विचारून लिहिले, तर ते लिहिणे खरे की खोटे हे त्या वृद्धाइतके कोणास कळणार? या पक्षास परदेशातील दाखलाही अनुकूल आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात उच्च माध्यमिक स्तरावर मूळ रहिवाशांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय असून त्यात विद्यार्थ्याला एक मोठा प्रकल्प करावा लागतो. स्थानिक मूळ रहिवासी समाजाशी विचारविनिमय केल्याची नोंदवही त्या प्रकल्पाचा आवश्यक भाग मानली जाते, म्हणजे माहिती काय मिळवली याबरोबरच ती कशी व कोणाच्या अनुमतीने मिळवली हेही तपासले जाते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२३-२४ पासून असा अभ्यास शालान्त पदवीसाठी आवश्यकच केला आहे.

या मार्गातील धोका मात्र लहान नाही. आपल्याकडे समाजाला शाळेत बोलावणे म्हणजे बहुधा स्नेहसंमेलनात धनगरांचे गजीनृत्य बसवणे होते. आणि वर्गातल्या एकुलत्या एका नंदीवाल्याच्या मुलाला उभे करून 'तुमच्याकडे काय करतात ते सांग' असे विचारणे हे त्याला शिकण्याच्या जागेवरून उठवून शिकवण्याच्या साहित्यात बसवण्यासारखे आहे. कोणी स्वतःहून सांगितले तर आदराने ऐकावे, पण कोणाच्याही जातीला स्वाध्याय करू नये, ही मर्यादा तिसऱ्या पक्षातील जाणती माणसे स्वतःच घालून घेतात.

चौथा पक्ष या समाजांतून पुढे आलेल्या लेखक-कार्यकर्त्यांचा, आणि त्याचा सूर निराळा आहे. आमच्याविषयी इतरांची मुले किती शिकली हे मोजण्याआधी आमची मुले किती शिकली ते मोजा, असे ते म्हणतात. पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन दिवाळीच्या सुमारास आणि दुसऱ्याचे एप्रिलमध्ये होते; या दोहोंच्या दरम्यानचे महिने नेमके ऊसतोडीचे, वीटभट्टीचे, मेंढपाळांच्या फिरतीचे. हंगामी वसतिगृहे आणि कारखान्यांजवळच्या साखरशाळा यांनी ही तूट काही प्रमाणात भरली, तरी एका शाळेत झालेल्या आकारिक नोंदी दुसऱ्या शाळेत मुलाबरोबर पोहोचतात असे क्वचितच घडते. भाषेचा प्रश्न याहून खोल आहे : कैकाडी बोलीचे नाते तमिळशी, वडारीचे तेलुगूशी, बंजाऱ्यांच्या गोरमाटीचे राजस्थानी बोलींशी; घरात यांपैकी एखादी भाषा बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाची मराठीत घेतलेली तोंडी परीक्षा त्याचे ज्ञान मोजते की त्याचे मराठी, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या आठ साधनांत नाही. औषधी झाडपाला ओळखणारे वैदूचे मूल परिसर अभ्यासात मागे पडलेले दिसावे, ही त्या मुलापेक्षा आपल्या मोजमापाविषयी अधिक सांगणारी गोष्ट आहे.

अनिर्णित राहिलेले

या चार पक्षांत दिसते तितके वैर नाही. पहिल्याला प्रश्न सुधारायचे आहेत, दुसऱ्याला डोळे उघडे ठेवायचे आहेत, तिसऱ्याला साक्षीदार हवे आहेत, आणि चौथा विचारतो की, हे सारे कोणासाठी. तरीही काही गाठी सुटलेल्या नाहीत.

वृत्तीचे मूल्यमापन करावे की नाही यावर अद्याप एकमत नाही. उत्तरपत्रिकेत 'सर्व माणसे समान आहेत' लिहिण्यासाठी मुलाला काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून लेखी पुरावा येथे निरुपयोगी. आणि वर्तनावर गुण दिले तर मूल शिक्षकासमोर एक वागेल व विहिरीवर दुसरे. काही शिक्षकांचे मत असे की, वृत्ती मुलाच्या पत्रकात न नोंदवता वर्गाची म्हणून पाहावी : मुले गट स्वतः पाडतात तेव्हा कोण उरतो, खेळात कोणाला कोणी बोलावत नाही, हे वर्षातून दोनदा टिपावे आणि ते प्रगतिपुस्तकात न जाता शिक्षकाच्या स्वतःच्या नियोजनात जावे. मला हा विचार सर्वांत सरळ वाटतो, जरी तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याला दाखवण्याजोगा कागद त्यातून फारसा निघत नाही.

वादग्रस्त वर्तमान प्रश्न परीक्षेत आणावेत काय, हेही ठरलेले नाही. आरक्षणाच्या मागण्या, अभयारण्यासाठी उठवलेल्या डोंगरवस्त्या, चांदोली व कोयनेच्या विस्थापितांचे पुनर्वसन हे विषय या जिल्ह्यांतील मुलांच्या घरचे आहेत. ते टाळले तर अभ्यास लटका होतो आणि विचारले तर उत्तरात बाजू घेण्याचा दबाव येतो. बाजू कोणतीही असो, दुसऱ्या बाजूचे म्हणणे मुलाने किती प्रामाणिकपणे मांडले यालाच गुण द्यावेत, ही सूचना आकर्षक आहे. परंतु ती निभावण्यासाठी लागणारे प्रशिक्षण आज सेवांतर्गत वर्गांत सहसा मिळत नाही.

आणि शेवटी पुस्तकाचा प्रश्न. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, आणि मुलाने स्वतःचे व सोबत्याचे मूल्यमापन करावे अशी तरतूद असलेले समग्र प्रगती पत्रक शाळांत येऊ घातले आहे. पत्रक कितीही समग्र असले तरी शिक्षक बहुधा तेच विचारतो जे पाठाखालच्या स्वाध्यायात छापलेले असते. तेव्हा जिल्ह्याची ओळख करून देणारे प्राथमिक इयत्तांचे पाठ नव्याने लिहिले जातील त्या वेळी सातारा-सांगलीच्या पाठांखालचे प्रश्न कोण लिहिणार, त्या मंडळात माण-जतचा मेंढपाळ, जावळीचा कातकरी किंवा फलटणचा कैकाडी घरातून आलेला शिक्षक असणार की नाही, आणि असल्यास त्याला आशय लिहू देणार की केवळ चित्र तपासू देणार, यावर वर सांगितलेल्या वादांपैकी पुष्कळ वादांचा निकाल अवलंबून आहे.